सुभेदार काकूंनी पान्याला हात लावला नाही

देवळाली कॅम्पातल्या सुभेदार काकू नसत्या, तर मी आज नाशकात नसतो. हे आधी लिहून ठेवतो. काय घडलं ते मागाहून सांगतो.

काकू कामाच्या आधी हात धुवायच्या. काम झाल्यावर सगळेच धुतात. काकू मात्र गाडीचं बॉनेट उघडण्याआधी, नखांतली माती काढून, जेवायला बसल्यासारखे हात धुवायच्या. "इंजिनाच्या पोटात जातं ते आपल्या बोटांवरून जातं बाबा," म्हणायच्या. त्यांचे यजमान फौजेच्या वर्कशॉपात सुभेदार होते. बदली होईल तिथे, रविवारी क्वार्टरच्या अंगणात कोणाची ना कोणाची गाडी खोलायचे आणि काकू हातात पाने द्यायच्या. पाने देता देता तीस वर्षं गेली. यजमान वारले, पाने काकूंकडे राहिले. हुद्दासुद्धा. कोणी 'सुभेदारीणबाई' म्हटलं तर त्या ओ द्यायच्या नाहीत.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. माझं गाव किनवटच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. त्यात स्वभाव धास्तीचा. गॅस बंद केला की नाही, हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत यायचो. काकू ओट्यावरून ओरडायच्या, "बंद आहे रे! मी सिलिंडरच विकून टाकला!"

नाशकातल्या एका मालकांची जुनी डिझेल गाडी मी चालवायचो. ती चढावर झटके द्यायला लागली. गॅरेजवाल्याने सपाटीवर एक चक्कर मारली आणि गाडीत काही नाही म्हणून सांगितलं. मग एका शनिवारी सायखेड्याचे पाहुणे घेऊन चाललो असताना गाडी ऐन उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. मालक फोनवर म्हणाले, "खोट गाडीत नाही, तुझ्या पायात आहे. सोमवारी सकाळी माझ्यासमोर चढवून दाखव. नाही चढली तर चावी ठेव आणि जा."

चावी ठेवून जायचं कुठे? आठवीवाल्याला दुसरं कोण ठेवतं? आणि घरी तर मी आईला सांगून बसलो होतो, की नोकरी पक्की आहे.

गाडी कशीबशी चालू करून अंगणात आणून लावली आणि रविवारी सकाळी ओट्यावर डोकं धरून बसलो होतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "सपाटीवर पळते, चढावर धापा टाकते. म्हणजे पाय धड आहेत, गळा चोंदलाय. डिझेलचा फिल्टर कधी बदललास?"

फिल्टर असतो कुठे, हेच मला माहीत नव्हतं.

"वा! रोज जिच्या जिवावर जेवतोस, तिचा घसा कुठे ते ठाऊक नाही!"

बाजारातून नवा फिल्टर आणला आणि पाना काकूंपुढे केला. "काकू, तुम्हीच करा. माझ्या हातून काहीतरी मोडंल."

"मी पान्याला हात लावणार नाही. उद्या मालकाने विचारलं, कोणी केलं, तर तुला खरं सांगता आलं पाहिजे." एवढं बोलून त्यांनी बदामाच्या झाडाखाली खुर्ची ओढली आणि चहा घेऊन बसल्या.

जुना फिल्टर म्हणजे डब्यासारखा. तो जागचा हलेना. "पट्टा काढ," काकू म्हणाल्या. कमरेचा पट्टा फिल्टरला गुंडाळून मी जोर लावला. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात पँट. शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "काकू, हा गाडी दुरुस्त करतोय की आंघोळीला निघालाय?"

निघाला एकदाचा. त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. थोड्या वेळाने तळाशी बोटभर पाणी आणि काळा गाळ. मग नव्या फिल्टरात स्वच्छ डिझेल भरलं, त्याच्या रबरी रिंगेला बोटाने डिझेल लावलं, हाताने घट्ट आवळला, वरचा छोटा पंप दाबून दाबून हवा काढली आणि चावी फिरवली. गाडी चालू झाली. आणि बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. "काकू, मोडली. मीच मोडली."

काकूंनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "जुना फिल्टर उचल. त्याची रिंग कुठंय?"

त्याला रिंगच नव्हती. वाकून पाहिलं, तर ती वर, बसायच्या जागीच चिकटून राहिलेली. मी तिच्यावर दुसरी रिंग चढवली होती. फटीतून हवा आत जात होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो तर. पहिल्या घोटापासून."

"मग बोलल्या का नाही?"

"बोलले असते तर आजच्यापुरतं भागलं असतं. आता जन्मात विसरशील का?"

मला रागही आला आणि हसूही. जुनी रिंग खरवडून काढली, जागा पुसली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी गाडी चालू झाली ती चालूच राहिली.

"काकू, तुम्हीच चालवून बघा," मी दार उघडून धरलं.

"मला कुठे चालवता येते?"

मला वाटलं, थट्टा करतायत. "सुभेदार म्हणायचे, पुढच्या बदलीला शिकवतो. दर बदलीला म्हणायचे." हसल्या, पदर खोचला आणि डाव्या सीटवर जाऊन बसल्या. पुलाच्या माथ्यावर पोचल्यावर लहान पोरीसारखी टाळी वाजवली. "चढली की रे!"

सोमवारी मालक शेजारी बसले. गाडी एका दमात वर. मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून फिरवली. "फिल्टर कोणी बदलला?"

"मी," म्हणालो.

"उद्या येवल्याचं भाडं आहे. लवकर ये," एवढंच ते बोलले.

गेल्या वर्षी काकू लेकीकडे बडोद्याला गेल्या. फोनवर कुरकुरतात, "इथे सगळ्यांच्या गाड्या नव्या. एक मेली बिघडत नाही! दिवस काढायचा कसा?" मी म्हणतो, काकू, तिकडे मैदान आहे का मोठं? म्हणतात, आहे, पण कशाला?

सुट्टी मिळेल तेव्हा मी तिथे जाणार आहे. काकूंना उजव्या सीटवर बसवणार, क्लच कुठला नि ब्रेक कुठला ते दाखवणार. सत्तरीत काय शिकायचं, म्हणतील. म्हणू देत. दहादा गाडी बंद पाडली तरी मी बाजूला बसून राहीन. काकू मैदानाला एक अख्खी फेरी स्वतः मारेपर्यंत मी काही खाली उतरत नाही.