कोपरभर पाणी

गेल्या उन्हाळ्यात अवसरी खुर्दमधल्या एका शेतकऱ्याने शेततळं धुऊन बोअरचं पाणी भरलं आणि त्यात माशांची पिल्लं सोडली. महिना झाला तरी ती वाढली नाहीत.

तळ्याचा राखणदार कोकण किनाऱ्यावरचा होता. आयुष्य मच्छीमार बोटीवर गेलेलं. गुडघे गेल्यावर तो इथे मुलीकडे आला होता. मी तळ्याजवळच्या रस्त्याने रोज कॉलेजात शिकवायला जायचो.

"पाणी काचंसारखं केलंय, तरी मासं वाढंनात राव," मालक म्हणाला.

"काच खाऊन कोण जाडं होतं, भाऊ?" राखणदार म्हणाला. "समुद्रात निळंशार पाणी दिसलं की आम्ही जाळं टाकत नव्हतो. नदीचा गाळ येतो तिथलं पाणी हिरवट. त्यात डोळ्याला न दिसणारे जीव वाढतात. ते जवळा खातो, म्हणजे बारीक कोळंबी; जवळ्यावर मोठा मासा जगतो. इथे गाळ नाही, तर शेण टाका."

मालकाने शेण टाकलं. "पाणी हिरवं झालं की चार दिस कोकणात घरी जाऊन या, बाबा," असंही कबूल केलं.

त्यानंतर राखणदार रोज बाही सारून कोपरापर्यंत हात बुडवायचा. पाण्यातला पंजा दिसला, म्हणजे पाणी हिरवं झालं नाही, अजून थांबायचं. मग बोट चाटायचा.

"चव कशाला बघता?" मी एकदा विचारलं.

"सवय. पण अळणीच लागतं."

पंधराव्या दिवशी पंजा दिसला नाही. त्याने बोट चाटलं नाही. दुपारी मंचरहून तो कोकणच्या एसटीत बसला.

चार दिवस उलटून गेले, तरी तो परतला नाही. मासे वाढले आहेत. आता मालक स्वतः कोपरापर्यंत हात बुडवतो.