बाबांच्या तळहातावरचं कालवण

आमच्या घरी कालवणाचं मीठ बाबा बघायचे. कालवणाला उकळी आली की आई पळी घेऊन ओटीवर जायची. जाळं विणत बसलेले बाबा तळहात पुढे करायचे, आई त्यावर चार थेंब टाकायची. ते चाटून म्हणायचे, "बराबर हाय," नाहीतर "चिमूटभर टाक." स्वयंपाकात त्यांनी जन्मात एवढंच काम केलं, बाकी इकडची काडी तिकडे केली नाही. आई मात्र स्वतः कधी चाखायची नाही. मीही तेच शिकले.

आई गेल्यावर बाबांना मी सरावलीला आमच्या दोन खोल्यांत आणलं. होडी आधीच विकली होती. नजर अधू झाल्यापासून जाळंही सुटलं होतं. दिवसभर गॅलरीत बसून खालची रिक्षांची ये-जा ऐकायचे. मग मी रोज पळी घेऊन गॅलरीत जायला लागले. हात पुढे करताना ते ताठ बसायचे. माझ्या घरात त्यांना विचारून होणारी तेवढी एकच गोष्ट होती.

गेल्या पावसाळ्यात, होड्या बंद असताना, एका रविवारी खारवलेल्या माशाचं कालवण केलं. खारा मासा रात्रभर भिजवायचा, दोनदा पाणी बदलायचं, हे कोळ्याच्या पोरीला कुणी सांगावं लागत नाही. पण रात्री विसरले, सकाळी जेमतेम तासभर भिजवला आणि वर हाताच्या सवयीने रोजच्याएवढं मीठ टाकलं. पळी बाबांकडे नेली. त्यांनी चाटलं, बराबर हाय म्हणाले.

जेवताना नवऱ्याने एक घास घेतला आणि थेट पाण्याचा तांब्या उचलला. समुद्र ओतलास का, म्हणून हसायला लागला. मी घास घेतला, तर खरंच तोंडात धरवेना. मला राग आला तो बाबांचा, आणि माझं तोंड कधी थांबलंय?

"बाबा, तुमी चाखलात ना? मंग सांगितलं का नाय?"

बाबा शांतपणे जेवत होते. अर्धं ताट संपलेलं. मीठ जरा कमी पडलं तरी ताट सरकवणारा हा माणूस तेच कालवण भातावर ओतून खात होता. त्यांच्या जिभेला आता मीठच लागत नाही हे मला कळलं, पण बोलून झालं होतं.

"खारट हाय?" त्यांनी विचारलं.

नवरा घाईघाईने म्हणाला की थोडंसंच. बाबांनी ताटातच हात धुतला.

दुसऱ्या दिवसापासून मी आधी गुपचूप चाखायचे, मीठ बरोबर करायचे, मगच पळी गॅलरीत न्यायचे. बाबा चाटून मान हलवायचे. मला वाटलं, निभावलं. आठवड्याने एकदा पळी घेऊन उभी राहिले, तर हात मांडीवरून उचललाच नाही त्यांनी.

"तू चाखलंस ना? मंग झाला."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी भांडले तरी असते. पळीतलं कालवण निवलं, तशीच आत आले आणि गॅसपाशी उभी राहून रडले.

थंडीत बाबा गेले. आता मी चाखूनच मीठ घालते, चुकत नाही. त्या रविवारी तो खारट भात मुकाट्याने खाल्ला असता आणि वर दोन तांबे पाणी प्यायले असते, तर बाबांचा हात शेवटपर्यंत पुढे आला असता.