मात्रा मात्रेशी ताडणारा मिलिंद

मिलिंद गेल्याचा फोन ज्योतीवहिनींनी स्वतःच केला. नाशिकच्या दवाखान्याबाहेरच्या बूथवरून बोलत होत्या. ‘भाऊजी, गेले ते,’ एवढंच म्हणाल्या. मी ‘लगेच निघतो’ म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही...

संगमनेरात खताच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही दोघं काम करायचो. पुण्याची एक संस्था गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी औषधांची मराठी पुस्तिका काढायची. तिचा मजकूर संगणकावर लावून देणं आमच्याकडे होतं. एक्सएमएल ही मजकुराला खुणा लावायची पद्धत तेव्हा अगदी नवी. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला खूण लावायची: हे औषधाचं नाव, ही किती द्यायचं ती मात्रा, हा इशारा, औषधाच्या पोटात मात्रा, मात्रेच्या पोटात वय. सुधारलेली आवृत्ती आली की ती जुनीशी ताडून कुठं काय बदललं ते कळवायचं. हे काम मिलिंदचं. कागदावर पट्टी सरकवत तो अक्षर न् अक्षर बघायचा.

मग मधुमेहानं त्याचे डोळे धरले. एकदा नव्या आवृत्तीत लहान मुलांच्या तापाच्या औषधात अर्ध्या चमच्याचा एक चमचा झाला होता. टायपिंगची चूक. त्याच्या नजरेतून ती सुटली; छपाईआधी मला दिसली म्हणून निभावलं. त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘पाजलं असतं रे कुणीतरी पोराला... आता हे माझ्या डोळ्यांवर सोडायचं नाही.’

बाजारातलं सॉफ्टवेअर ओळीला ओळ ताडायचं. वर एक शब्द वाढला की खालच्या ओळी सरकायच्या आणि अख्खा परिच्छेद बदललाय असं ते दाखवायचं. खरा बदल त्या ढिगात हरवून जायचा. मिलिंदनं स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ‘ओळी बघायच्याच नाहीत,’ तो म्हणायचा, ‘खुणा बघायच्या. मात्रा मात्रेशी ताडायची, इशारा इशाऱ्याशी.’ तो सांगायचा, मी टाइप करायचो. पडद्यावरची अक्षरं त्याला धुरकट दिसू लागली होती.

एका प्रकरणावर प्रोग्रॅम बिनचूक चालला, त्या दिवशी मिलिंद लहान मुलासारखा हसला. पण संस्थेच्या डॉक्टरांनी पुस्तिकेतल्या औषधांचा क्रम बदलला आणि प्रोग्रॅम तापाच्या औषधाची मात्रा जंताच्या औषधाशी ताडू लागला. नावावरून जोड्या लावल्या, तर पुढच्या आवृत्तीत काही नावंच बदलली. प्रत्येक औषधाला कधीही न बदलणारा एक क्रमांक द्या, अशी विनंती त्यानं संस्थेला केली. तिकडून उत्तर आलं की त्यांनी तयार सॉफ्टवेअर घेतलंय, पुढचं काम पुण्यातच होईल. आम्ही खोली सोडली.

मिलिंदनं मात्र तो प्रश्न सोडला नाही. डोळे पुरते गेले, मग मूत्रपिंडं. डायलिसिससाठी नाशिकच्या एसटीत बसता बसता त्यानं माझा हात धरून विचारलं, ‘नाव बदललेलं औषध ओळखायचं कसं? तुला काही सुचलं का रे?’ मला सुचलं नव्हतं. अजूनही नाही. आमची ती शेवटची भेट.

मिलिंदच्या घरी त्याच्या स्मरणाच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर माणसं पांगली, तेव्हा वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. कॉटवर पुस्तिकेच्या जुन्या आणि नव्या प्रती होत्या. शेवटचे काही महिने त्या मिलिंदला रोज दुपारच्या चहानंतर मोठ्यानं वाचून दाखवायच्या, एक ओळ यातली, एक त्यातली. नवी पुस्तिका तर कधीच गावोगाव पोचली होती.

‘मग कशासाठी, वहिनी?’ मी विचारलं.

‘डोळं मिटून ऐकायचे. मधीच हात वर करायचे, म्हनायचे... हितं बदललंय, ज्योती.’ त्या प्रतींवर हात ठेवून बोलत होत्या. ‘पुढं पुढं तर तिथं काईच बदललेलं नसायचं. मी आपली व्हय म्हनायची.’

बाहेर कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. वहिनी म्हणाल्या, ‘दुपारचा चहा झाला की अजून घसा खाकरते मी, भाऊजी... वाचाया.’