खांबाजवळचा दरवान

माझे कान गिरणीनं खाल्ले. माधवनगरच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथं माग चालतात तिथं, मी पंचवीस वर्षं उभा होतो. तिथं शेजारच्यानं बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. म्हणून आम्ही सगळे ओठांनी बोलायचो. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं, समोरच्यानं बघून ओळखायचं. शिव्या लय लवकर ओळखू यायच्या. पुढं गिरणी बंद पडली. कान गेले ते गेलेच, तोंड वाचायची सवय तेवढी राहिली.

बायकोनं पण ती बोली शिकून घेतली. माझ्याशी ती आवाज न काढता बोलायची. नव्या शेजारणींना वाटायचं, या नवरा-बायकोत अबोला हाय. आणि आम्ही दारात बसून त्याच शेजारणींची उणीदुणी काढत असायचो.

गिरणीनंतर मी बेदाण्याच्या शेडवर वॉचमन लागलो. बहिरा वॉचमन म्हणून लोक हसतात. मी म्हणतो, चोर काय गाणी म्हणत येतो काय? डोळे चांगले आहेत माझे. बायको त्याच शेडमध्ये बेदाणा निवडायला होती. पंधरा-वीस बाया लांब टेबलाला दोन्ही अंगांनी बसतात, काडी काढायची, काळा मणी बाजूला, पिवळा बाजूला. धूळ आणि केस मालात जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या तोंडाला कापड बांधलेलं. तोंड झाकलं की माझ्या लेखी त्या मुक्या. जेवणाच्या सुट्टीत त्या बाहेर माझ्या खुर्चीजवळच्या लिंबाखाली डबे उघडतात, कापडं सोडतात, आणि मग मला सगळं कळतं. नको ते पण कळतं.

त्या सगळ्या एका मालिकेच्या नादी लागलेल्या. तळ्याच्या काठी एक नगर. तिथं एक राणी. आणि लोकांच्या सावल्या चोरणारी एक चेटकीण. सावली चोरली की माणूस चेटकिणीचा गुलाम. रोज संध्याकाळी सातला ती मालिका लागायची, आणि दुसऱ्या दिवशी लिंबाखाली वाद: आता काय होणार? राणीची सावली कुणाकडं हाय? प्रधान चेटकिणीचा भाऊ हाय का? एवढं डोकं मालिका लिहिणाऱ्यानं पण घातलं नसेल.

घरी बायको टीव्ही लावायची आणि मला पण बसवायची. पण माझी पंचाईत अशी, की ती मालिका मूळची दुसऱ्या भाषेतली, वरनं मराठी चिकटवलेली. नटाचं तोंड एक बोलतं आणि आवाज भलताच. मला त्यातलं ओ की ठो कळेना. खाली अक्षरं येत नव्हती, आली असती तरी माझं वाचन चौथीतलं, निम्मं वाचेपर्यंत राणी दुसऱ्या महालात. मग बायकोनं युक्ती काढली. ती टीव्हीच्या कपाटाला टेकून माझ्याकडं तोंड करून बसायची, मान वळवून पडद्याकडं बघायची आणि परत वळून मला सांगायची. सगळी मालिका तिनं मान वाकडी करून बघितली. रात्री मानेला तेल मी चोळायचो.

त्या मालिकेत मला एकच माणूस आवडला. नगराच्या वेशीवरचा म्हातारा दरवान. मोठ्या मिशा, हातात भाला. तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला आत सोडायचा नाही, राणीला सुद्धा नाही. मी बायकोला म्हटलं, "ह्यो खरा माणूस. बाकी सगळे नटवे."

एके दिवशी चेटकीण वेशीवर आली. धूर झाला. बायको माझ्याकडं वळली, जरा थांबली आणि ओठांनी म्हणाली, "दिसंनासा झाला बघा. तिनं सावली नेली त्याची. पण हाय तिथंच. कुणाला दिसत न्हाई."

"आपल्याला पण न्हाई?"

"आपण कोण मोठं लागून गेलो?"

पटलं मला. सावली चोरणारी बाई असते तिथं न दिसणारा दरवान असायला काय हरकत? तिथनं पुढं मी रोज विचारायचो, "आज दरवान कुठं हाय?" ती पडद्यावर बोट ठेवून दाखवायची. "त्या खांबाजवळ. राणीच्या मागं." आणि तो काय बोलला ते सांगायची. राणी रडत बसली तर तो म्हणायचा, आधी जेवून घे. प्रधान खोटं बोलला की हळूच त्याचं पागोटं वाकडं करायचा. मी हसायचो. पडद्यावर कधी पागोटं वाकडं दिसलं नाही, पण मी तरी कुठं बघत होतो? मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

मला तंबाखूचं व्यसन होतं. साचेखात्यातलंच. तिनं पन्नासदा सांगून झालं, लेकीनं सांगून झालं. मग एकदा तिनं मालिकेतली बातमी दिली, "दरवानानं तंबाखू सोडली."

"का?"

"चेटकिणीला वासानं त्याचा ठावठिकाणा लागायला लागला."

मी आठवडाभर विचार केला. दरवान एवढा मोठ्या मिशांचा गडी, त्यानं सोडली. मग मी पण पुडी टाकून दिली. दात शिवशिवायचे, चिडचिड व्हायची, पण सोडली.

मालिकेचा पहिला सीझन राणी तळ्याच्या काठावरनं पाण्यात उतरते तिथं संपला. पुढचं पुढच्या सीझनला. त्याच पावसाळ्यात बायकोला ताप आला. चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी गेली. त्याबद्दल मला जास्त सांगायचं नाही. नळी होती तोंडात, त्यामुळं शेवटी ती काय म्हणत होती ते मला वाचता आलं नाही. एवढंच सांगतो.

तेरावं झाल्यावर लेक मला साताऱ्याला घेऊन गेली. चांगली आहे लेक, पण भाकरी थापत पाठमोरी बोलते. जावई मोबाईलमध्ये बघत बोलतात. नातू तोंडात ब्रश ठेवून. महिनाभर मी कुणाचं काही वाचू शकलो नाही. कानाचं मशीन घेतलं होतं, ते नुसतं शिट्ट्या मारायचं, कपाटात ठेवलं. लेकीला वाटलं, माझं मन रमावं, म्हणून तिनं मोबाईलवर त्या मालिकेचं दाखवलं. तिथं माणसं फोटोंवर लाल बाण काढून अंदाज सांगतात, पुढच्या सीझनला काय होणार त्याचे. शिकलेली माणसं, मोठमोठी अक्षरं. लेक एकेक मला वाचून दाखवायची, तोंड समोर करून. राणी मासोळी होणार. प्रधान पालटणार. पण दरवानाचं कुणी बोलेना. मला मनातनं लय बरं वाटलं. एवढ्या लोकांना पत्ता नाही, आणि माझ्या बायकोला सगळं ठाऊक होतं. मी लेकीला काही सांगितलं नाही. बॅग भरली आणि सांगलीची गाडी धरली.

शेडवर परत खुर्ची टाकून बसलो. पुढं दुसरा सीझन येणार म्हणून जाहिरात सुरू झाली, त्याआधी जुने भाग पण परत दाखवायला लागले. लिंबाखाली नुसता कल्लोळ. बायकोची मैत्रीण, टेबलाला तिच्या शेजारी बसायची ती, तिला आक्का म्हणायची, मला दाजी म्हणते. ती म्हणाली, "राणी काय वर येत न्हाई आता. बुडाली ती."

दुसरी म्हणाली, "राणी बुडाली तर मालिका कुणावर चालवायची? तुझ्यावर?"

"चालवू द्या की. मी काय कमी हाय?"

"तुझी सावली न्ह्यायला चेटकिणीला टेम्पो लागंल गं बया."

सगळ्या हसल्या. मला पण राहवेना. मी म्हटलं, "वाद कशाला घालताय? दरवान काढंल की तिला वर."

एकदम शांत झालं ते त्यांच्या तोंडांवरनं कळलं. दिवाळीनंतर कामाला लागलेली एक नवी पोरगी होती, नुकतं लग्न झालेली. ती म्हणाली, "आवं आबा, कुठला दरवान? वेशीवरचा? तो तर पहिल्याच महिन्यात मेला की. जाळला न्हाई का तिनं!"

आणि मग मी बघितलं ते असं. एकेक बाई खाली बघायला लागली, आणि एकेकीनं तोंडाला कापड ओढून घेतलं. जेवण अर्धं राहिलेलं. मला काही वाचता येऊ नये म्हणून. ती नवी पोरगी बावरून इकडंतिकडं बघत होती, शेजारणीनं तिला कोपर मारलं, तिनं पण कापड ओढलं.

"काय भानगड हाय?" मी ओरडलो असणार. मला माझा आवाज कळत नाही.

मैत्रिणीनं शेवटी कापड खाली केलं. "दाजी, रागवू नका. मेला व्हता दरवान. तुमाला लय आवडायचा म्हणून आक्कानं सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी हितं येऊन रडकुंडीला आली, म्हणाली, मी थाप मारून बसले, आता रोज काय सांगू? मग आमी सगळ्या मिळून आत टेबलाला, कापडाआड ठरवायचो. आज दरवान काय बोलंल, कुठं उभा राहील."

"पागोटं?"

एकीनं कापड न सोडता हात वर केला.

"आणि तंबाखू?"

"ती आक्काची. पण वासाचं मी सुचवलं," मैत्रीण म्हणाली.

मी उठून शेडच्या मागं गेलो. मला लय राग आला होता. वीस बायांनी मिळून मला वेड्यात काढलं. त्या मला दुपारी चहा देऊन जात, आणि मी त्यांना हसतमुखानं दरवानाच्या गोष्टी सांगत असायचो, ज्या त्यांनीच आदल्या दिवशी रचल्या होत्या! संध्याकाळी येताना पुडी घेतली, चुना मळून बार भरला. डोकं असं गरगरलं की कठड्याला धरून थुंकलो. मेलेल्या माणसानं सोडली म्हणून मी सोडली होती, आणि आता ती मला झेपतही नव्हती.

त्या आठवड्यातच वेशीचा तो भाग परत दाखवला. सातला टीव्ही लावला. कपाटाजवळची जागा मोकळी होती, त्यामुळं मला आता पडदाच बघावा लागला. चेटकीण आली. धूर झाला. धूर गेला तेव्हा खाली राख होती. वाऱ्यानं उडाली. सरळ दिसत होती, लहान पोराला पण कळेल अशी. पहिल्यांदा ती राख पडली तेव्हा माझी बायको माझ्याकडं वळून जरा थांबली होती. तेवढ्यात तिनं ते ठरवलं असणार.

तीन दिवस मी लिंबाकडं पाठ करून बसलो. चौथ्या दिवशी जाऊन मैत्रिणीला विचारलं, "तिनं शेवट काय धरला होता? दरवानाचा?"

तिनं कापड सोडलं. "त्यावर लय भांडणं व्हायची. कुणी म्हणायचं, चेटकिणीला धरंल. कुणी म्हणायचं, शेवटी दिसायला लागंल. आक्का म्हणायची, आत्ता न्हाई ठरवायचं. नवा सीझन येईल तवा बघू."

मला वाटलं होतं, तिनं काहीतरी ठरवून ठेवलं असेल. नव्हतं.

"आमी सांगत जाऊ की दाजी," मैत्रीण म्हणाली. "खरं सांगू का, पहिल्यासारखं सांगू?"

"खरं सांगा," मी म्हटलं. "मेला तो मेला. आता मला थापा नकोत."

नवा सीझन सोमवारी सुरू झाला. मी एकटा बसून बघितला, कुणाचं तोंड वाचायचं नव्हतं म्हणून निव्वळ पडदा, डोळे फाडून. राणी तळ्यातनं वर आली. चिंब भिजलेली, उघड्या खांद्यांनी काठावर बसली, आणि थरथरायला लागली. मग कॅमेरा चेटकिणीकडं गेला. परत राणीकडं आला तेव्हा तिच्या खांद्यावर शाल होती. मी खुर्चीतनं उठलो आणि कपाटाजवळच्या मोकळ्या जागेकडं बघून पडद्यावर बोट दाखवलं. सवय.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली त्यांनी कबूल केल्यासारखं मला सगळं खरं खरं सांगितलं. राणी काय बोलली, चेटकीण काय बोलली. दरवानाचं कुणी नाव काढलं नाही. सांगून झालं, आणि सगळ्या गप डबा खायला लागल्या.

मी म्हटलं, "राणीला शाल कुणी दिली?"

"कसली शाल?"

"वर आली तवा खांदे उघडे व्हते. चेटकिणीवरनं परत येईस्तोवर शाल. कुणी दिली?"

मैत्रीण म्हणाली, "चुकलं असंल दाजी शूटिंग करणाऱ्याचं."

"एवढी मोठी मालिका, चुकतात व्हय? काठावर दुसरं माणूस व्हतं का एक तरी?"

नव्या पोरीनं घाईघाईनं मोबाईल काढला, तो भाग लावला, तीनदा पुढं-मागं केला. आणि घास हातात तसाच ठेवून म्हणाली, "व्हय की वं आबा! आधी न्हाई, आणि मग हाय!"

मग जे सुरू झालं. राख झालेला माणूस शाल देईल का? राख त्याची कशावरनं, भाल्याची असंल. मढं दाखवलं का कुणी? एकदा तरी? भाला लोखंडाचा, त्याची राख कशी व्हईल येडे? शाल गरम असणार, राणी लगीच थरथरायची थांबली ते बघितलं का? वीसच्या वीस तोंडं उघडी, एकाच वेळी हलत होती, आणि मला निम्म्यांचंच वाचता येत होतं.

सुट्टी संपल्याची घंटा मी द्यायची असते. मालक आतनं हात हलवत येऊन माझ्यासमोर उभे राहिले, तेव्हा मला आठवलं.