तेलकट चिंध्यांचं पोतं

आमच्या कास्त्रो गावात, खाडीच्या चिखलात रोवलेल्या खांबांवर उभ्या घरांच्या रांगेत, रोसामेल उएंचूर न्हावी राहतो. भित्रेपणात त्याचा हात धरणारा माणूस चिलीच्या अख्ख्या चिलोए बेटावर सापडायचा नाही. कुत्र्याला भितो, डॉक्टरला भितो, गिऱ्हाईक शिंकलं तर वस्तरा टाकून मागे सरतो. पण सगळ्यांत जास्त भितो आगीला. ते मात्र आम्हा सगळ्यांचंच. घरं नखशिखांत लाकडाची, एकमेकांना खेटलेली. एक पेटलं की बाकीच्यांनी आपला नंबर कधी लागतो ते बघत बसायचं.

हिवाळ्यात त्याची बायको उबेर्लिंदा मागच्या लाकडी सज्ज्यावर शेवाळावरून घसरली आणि धुण्याच्या टोपलीसकट कठड्याला लोंबकळली. तेव्हापासून रोसामेलला सज्ज्याचीही धास्ती. पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला जानेवारीत उन्हाळा येतो; तो आला तसा रोसामेल कामाला लागला. कमरेला दोर, दुसरं टोक चुलीच्या लोखंडी पायाला.

"अरे, पडलास तर चूलही घेऊन जाशील!" मी शेजारच्या माझ्या सज्ज्यावरून ओरडलो. "मग आमचं जेवण कोण करील?"

"तू इथे जेवायला येतोस, हे विसरत जा कधीतरी," आतून उबेर्लिंदा म्हणाली.

त्याने शेवाळ खरवडलं, फळ्या धुऊन वाळवल्या, पॉलिश पेपरने घासल्या आणि जवसाचं तेल चिंध्यांनी चोळून चोळून जिरवलं. सज्जा मधासारखा दिसायला लागला. राहिल्या तेलाने निथळणाऱ्या चिंध्या. त्या आमच्याकडे कोण फेकतो? सरपण बारमाही ओलं. तेलकट चिंधी मिळाली तर चूल पहिल्या फुंकरीला पेटते. रोसामेलने चिंध्या आणि घासल्याचा भुसा बटाट्याच्या पोत्यात ठासून भरला, तोंड आवळलं आणि आगीची भीती म्हणून पोतं चुलीपासून लांब, भिंतीकडेच्या बाकाखाली सरकवलं.

दुपारी आम्ही त्याच बाकावर माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसलो होतो.

"काहीतरी जळतंय," उबेर्लिंदा म्हणाली.

"तुझा पाव," मी म्हणालो.

"पाव सकाळीच झाला."

रोसामेल चुलीत डोकावला. चूल विझलेली. आणि माझ्या पायांमधून धूर वर येत होता.

ना ठिणगी, ना काडी. कोंबलेल्या तेलकट चिंध्या आपल्या आपण तापतात, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला माहीत होतं? पोतं धुमसत होतं, त्याच्या पाठीशी लाकडी भिंत, आणि भिंतीपलीकडे माझं घर. मी नुसते पाय वर घेतले.

रोसामेलने पोतं उचललं. पांढराफटक पडलेला, दात वाजत होते, पण उचललं. सज्ज्यावर धावला.

"खाली फेक रे म्हाताऱ्या!" उबेर्लिंदा किंचाळली.

"ओहोटी आहे!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

खाली पाणी नव्हतंच. होती ती शेजाऱ्यांची नुकतीच डांबर लावलेली होडी, आणि आमच्या घरांचे खांब. तेवढ्यात वारा लागून पोत्याने ज्वाळेची जीभ बाहेर काढली. ज्या शिडीकडे रोसामेलने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, ती तो एका हाताने उतरला, दुसऱ्यात आग. चिखलात गुडघाभर रुतत पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि पोत्यावर आडवाच पडला.

फस्स झालं. बराच वेळ तो हलला नाही. उबेर्लिंदाने कठडा इतका घट्ट धरला होता की हातांना तेल चिकटलं.

"रोसामेल? जिवंत आहेस का रे?"

"भरती कधी आहे?" चिखलातून बारीक आवाज आला. "मला शिडी चढायची भीती वाटतेय."

एव्हाना सगळी रांग आपापल्या सज्ज्यांवर जमली होती. असे हसलो, असे हसलो, की डोळ्यांत पाणी आलं. मग एकेकाचं हसू अर्ध्यावरच थांबलं. कुणाला दूध आठवलं, कुणाला कोंबड्या. मी काही न सांगताच घरी पळालो आणि माझ्या बाकाखालच्या चिंध्यांच्या पोत्यात हात घातला.