जेवणघराच्या दारातल्या सँडल

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. सायखेड्याहून एसटीने ये-जा करून बी.ए. केलं आणि ते सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. दोन हजार सालाच्या सुमारास देवळाली कॅम्पच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात मी देखरेखीचं काम करत होते. तिथले बरेच जण स्मृतिभ्रंशाचे. आम्हाला मोठी धास्ती ती पडण्याची. त्या वयात खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून आश्रमाने सगळ्यांच्या सपाता बंद करून मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या सँडल आणल्या.

फुलशेतीवाल्या घरातल्या एक आजी मात्र त्यानंतरच पडायला लागल्या. दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा मॅनेजर म्हणाले, "आता पुन्हा पडल्या तर खुर्चीला बांधायचं. रविवारी मुलगा येईल, त्याला विचारून घेऊ."

आजी दिवसभर चालायच्या. चालणं तेवढंच त्यांचं उरलं होतं. बांधल्यावर तेही गेलं असतं.

ओल्या न्हाणीघरात त्या पडत नव्हत्या. दोन्ही वेळा पडल्या त्या जेवणघराच्या दारात. म्हणून जेवणाच्या वेळी मी तिथे जाऊन उभी राहिले. आजी आल्या, एक पाय उचलला आणि वाकून पट्टा ओढायला लागल्या. मी त्यांचा दंड धरला. सपाता उभ्या-उभ्या पायातून निघायच्या, पट्टा तसा निघत नव्हता.

"आजी, राहू द्या पायात."

"अन्नापुढं पायताण घालून बसू? लय शिकलेली दिसती तू!"

"शिकलेय ना. बी.ए. झालेय."

"मग घरी नाय शिकवलं कोणी?"

घरी शिकवलं होतं. आमच्याकडेही चपला दारातल्या ओट्याखालीच राहतात.

मॅनेजरांना सांगितलं तर म्हणाले, "हे काय देऊळ आहे?"

"नाही. पण पट्टा काढायला त्यांना बसू तरी द्या."

दाराबाहेर भिंतीला टेकवून एक जड बाकडं ठेवलं, शेजारी धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली. आतली शहाबादी फरशी खडबडीत होती, अनवाणी पाय घसरत नसे.

रविवारी मुलगा आला तेव्हा आजी बाकड्यावर बसून पट्टे सोडत होत्या. दांडी धरून उठल्या, तेवढ्यात तो बुटांसकट आत शिरायला लागला.

"ए, कोण रे तू? बूट काढ आधी."

तो बाकड्यावर बसला आणि नाडी सोडायला लागला. आजी भिंतीच्या कडेने आपल्या ताटाकडे चालत गेल्या. मॅनेजर बघत होते. बांधायचा विषय त्यांनी काढला नाही.