मंगळ, मृणाली आणि अक्कांचे बिबडे

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मृणाली नेमकं काय काम करते, हे गल्लीत अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. एजंट म्हटलं की जळगावात लोक विम्याचं विचारतात, नाहीतर प्लॉटचं. ती लेखकांची एजंट आहे. लेखकाचं हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे जायचं, त्याच्या वतीने बोलायचं, वेळ पडली तर भांडायचं आणि पुस्तक निघेपर्यंत प्रकाशकाच्या मानगुटीवरून उतरायचं नाही, असं ते काम. मराठीत असा धंदा कुणी करत नाही, हे तिला येईल त्याने ऐकवलं आहे. ती म्हणते, बरंच आहे, गर्दी नाही.

त्यातही हिला सगळे लेखक चालत नाहीत. तिला हवे असतात वस्तीतले, पाड्यावरचे, पालावरचे लेखक, ज्यांच्याकडे आजवर कुणी गोष्ट मागायला गेलं नाही असे. आणि त्यांच्याकडूनही ती भोगलेलं मागत नाही. तिला नसलेल्या जगाच्या गोष्टी हव्यात. दोनशे वर्षांनंतरचं धुळं, बोलणारी तापी, माणसं जिथे उडतात असं गाव. आधी ती पुण्याच्या एका प्रकाशनात नोकरीला होती. तिथे तिने पाहिलं की वस्तीतल्या माणसाने काही लिहून आणलं की साहेब पहिला प्रश्न विचारतात, हे तुमच्या आयुष्यात घडलंय ना? नाही म्हटलं की कागद परत. आम्ही सोसायचं आणि कल्पना बाकीच्यांनी करायची, हे मला पटत नाही, असं तोंडावर सांगून ती नोकरी सोडून आली. मी शाळेत मराठी शिकवते आणि फावल्या वेळात तिची मुद्रितं तपासते. ही बाई हट्टी आहे आणि मला ती त्यासाठीच आवडते.

ती मूळची सावद्याची. वडील मोतीलाल केळीच्या कापणीवर मुकादम. कुठला घड आज कापायचा आणि कुठला राहू द्यायचा, हे ते बागेत उभं राहून सांगत. आपला डोळा त्यांच्याकडून आला, असं मृणाली सांगते. सांगताना जरा भावही खाते.

खोली बघायला आली तेव्हा माझ्या सासूबाई, पुष्पाबाई, जिन्यातच उभ्या होत्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्या पारोळ्याच्या, आणि जळगावात जन्म गेला तरी बोलणं अजून पारोळ्याचं, अहिराणीच. त्यांनी नाव विचारण्याआधी विचारलं, "तुनं आडनाव काय शे वं पोरी?" मृणालीने आडनाव सांगितलं. स्पष्ट सांगितलं, मान खाली न घालता. ती बौद्ध आहे हे त्यावरून अक्कांना कळलं. त्यांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, पाणी सकाळीच येतं, भरून ठेवत जा. खोली मिळाली, आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता बिबड्यांबद्दल सांगायला हवं, कारण मृणालीचं सगळं काम त्यावर चालतं. उन्हाळा आला की आमच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका जमतात आणि ज्वारीचे बिबडे करतात. ज्वारीची कणी तीळ-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, तो घाटा, आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापून खाटेवर वाळत घालायचा. हात थांबला, घाटा गार झाला, की संपलं. मग तो थापताना कडांना फाटतो, आणि पातेलंभर घाटा वाया जातो. अक्कांचा घाटा कधी वाया गेला नव्हता. तसं त्या स्वतःच सांगायच्या, आणि कुणी खोडून काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात मृणाली गच्चीच्या सावलीत एक हस्तलिखित वाचत बसली होती. बायका म्हणाल्या, मनात काय वाचतेस, आम्हालाही ऐकव. तिने ऐकवलं, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की एका ठिकाणी हात मंदावले आणि दुसऱ्या ठिकाणी बेबाबाईने सुनेच्या फ्रीजचा विषय काढला. तेव्हापासून तिची पद्धत ठरली. हात मंदावले तिथे ती हस्तलिखिताला बोट लावत नाही. फ्रीज निघाला की समासात फुली, आणि तेवढा भाग लेखकाला पुन्हा लिहायला लावते. बेबाबाई कोपऱ्यावरच राहते आणि तिच्याकडे विषयांना तोटा नाही, त्यामुळे फुल्या भरपूर पडतात. इतर महिन्यांत शेंगा फोडताना, पापड लाटताना हेच चालतं, पण मृणालीचा खरा विश्वास बिबड्यांवर.

यंदा तिच्याकडे दिपमालाची कादंबरी होती. दिपमाला दोंडाईचाजवळच्या भिल्ल वस्तीतली, तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. आईवडील ऊसतोडीला जायचे, तीही लहानपणी फडावरच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीतच राहिली. तिच्या कादंबरीत मुकादम माणसं उचलतो आणि थेट मंगळावर नेतो, खोदकामाला. पुढे मालक लोक कंटाळून परत येतात आणि मजूर तिथेच राहतात, स्वतःचं गाव वसवतात, आणि त्यांची पोरं मोठी होतात. मी वाचली तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांवर उगाच खेकसले, कारण डोक्यातून ती जात नव्हती.

मृणालीने ती गिरधरभाऊंकडे पाठवली. गिरधरभाऊ पुण्यातले नावाजलेले प्रकाशक, पण मूळचे पारोळ्याचे, आणि अक्कांना माहेरच्या नात्याने बहीण मानणारे. त्यांचा फोन आला. लेखणीत ताकद आहे, म्हणाले. पुस्तक काढतो, चांगलं काढतो. फक्त मंगळ काढून टाका. हीच मुलगी, हाच मुकादम, हीच कोपी, आणि आत्मकथन म्हणून येऊ द्या. लोक हातोहात घेतील.

दिपमालाला याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिने ऐकलं आणि आधी हो म्हणाली. मृणालीने तिला एवढंच विचारलं, तुला चालेल का? त्यावर फोनवर तिचा सूर बदलला. मग म्हणाली, "ते सगळं मी एकदा जगले, ताई. लिहायला म्हणून परत जगायचं जिवावर येतं. मंगळावर गेले तेव्हाच मला लिहिता आलं." मंगळ गेला तर ही मुलगी पुन्हा लिहिणार नाही, हे मृणालीला तिथेच कळलं.

तिने गिरधरभाऊंना फोन लावला. मी समोर बसले होते. "भाऊ, तुम्ही नात्यातल्या लग्नाला पारोळ्याला येणारच आहात, तर येताना जळगावला उतरा. अक्कांचे बिबडे आहेत. पुस्तकातलं थोडं गच्चीवर वाचू. बिबडे नेहमीसारखे झाले तर मंगळ काढते. घाटा गार झाला तर मंगळ राहील, आणि तुम्ही एक ओळ बदलायची नाही."

गिरधरभाऊ खूप हसले. पुष्पाअक्काचा घाटा गार होणं शक्य नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, म्हणून लगेच कबूल झाले. मला मात्र राग आला. दुसरीच्या पुस्तकावर पैज लावणारी तू कोण, असं मी मृणालीला सरळ विचारलं. ती म्हणाली, काल तिला विचारूनच लावली आहे. दिपमालाने एक अट घातली होती. माझा मंगळ जायचा असेल तर माझ्याच तोंडून जाऊ दे, मीच वाचणार. पैजेचं अक्कांना आणि बायकांना कळू द्यायचं नाही, हे आम्ही तिघींनी ठरवलं.

त्या सकाळी उन्हं यायच्या आत पातेलं गच्चीवर चढलं. गिरधरभाऊ खुर्चीत, हातात वाटीभर गरम घाटा आणि वर कच्चं तेल. लहानपणी असंच खायचो, म्हणाले. दिपमाला भिंतीला टेकून बसली आणि वाचायला लागली. तिला धड वाचता येत नव्हतं हो. आवाज खोल गेलेला, ओळी गिळल्या जात होत्या. बेबाबाईने पहिल्याच पानाला फ्रीज काढला. तिच्या शेजारणीने जावयाची बदली काढली. अक्कांचे हात सटासट चालत होते, बिबडे एकसारखे गोल उतरत होते, आणि खाट भरत आली होती. गिरधरभाऊंनी मृणालीकडे पाहून भुवया उडवल्या. मृणाली शांत होती. मी मात्र बाजूला ठेवलेली ज्वारीची कणी दहा वेळा विनाकारण झाकली.

मग तिने निवडलेलं शेवटाकडचं प्रकरण आलं. मंगळावरचं गाव वसून दोन पिढ्या झाल्या आहेत, आणि पृथ्वीवरून एक अधिकारी नोंदी करायला येतो. आठ वर्षांच्या एका पोरीला विचारतो, नाव काय? ती नाव सांगते. आडनाव? पोर त्याच्याकडे बघत राहते. तो पुन्हा विचारतो. ती विचारते, ते कशासाठी असतं?

दिपमालाचा आवाज इथे वर आला. अधिकारी सांगायला बघतो आणि त्याला सांगता येत नाही. आडनावावरून माणूस कुठला ते कळतं, म्हणतो. पोर म्हणते, मी इथलीच आहे. बरं, मग कुणाकडे जेवायचं ते कळतं. पोर म्हणते, भूक लागेल तिथे. अधिकारी प्रत्येक वाक्यागणिक जास्तच अडकत जातो, आणि गावातली सगळी पोरं गोळा होऊन त्याच्याकडे नवल म्हणून बघत राहतात.

गच्चीवर फ्रीज नव्हता, बदली नव्हती. अक्कांचा हात फडक्यावर होता तसाच राहिला होता. दिपमाला पान उलटायला थांबली, तर बेबाबाई खेकसली, "मंग काय व्हयनं? थांबनी कसाले?"

दिपमालाने प्रकरण पूर्ण वाचलं. मग कुणीतरी पातेल्यात हात घातला. "अक्का, घाटा थंडा व्हई गया." अक्कांनी एक गोळा घेऊन थापला. तो कडेने फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. गिरधरभाऊंनी वाटी खाली ठेवली. त्यांच्या वाटीतला घाटाही तसाच राहिला होता, वरचं तेलही न कालवलेलं. "मंगळ राहू द्या," ते म्हणाले. "एक ओळ बदलणार नाही." दिपमालाने तोंडाला पदर लावला आणि ती रडली. मीही रडले, लपवण्यात काय अर्थ आहे.

अक्का कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या ओल्या हातांनी फडकं सारखं करत बसल्या. मग मृणालीला म्हणाल्या, "तू खोली देखाले वनी तवय मी तुले पहिलं आडनावच इचारं व्हतं."

"हो, अक्का."

"तवय तू बी मले इचारी लेती. ते कसाकरता ऱ्हास म्हनीसन, त्या पोरनी इचारं तसं."

मृणालीने हसून त्यांच्यापुढचं फडकं उचललं आणि पिळलं. "तवय मला खोली पाहिजे होती, अक्का," ती म्हणाली.

अक्कांनी फाटलेले गोळे पातेल्यात परत टाकले, पातेलं गाईसाठी खाली पाठवलं आणि मला ज्वारी पुन्हा भिजत घालायला सांगितली.